धूर सरेपर्यंत

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या सभागृहात चालू चित्रपट थांबवावा लागला. यंत्र बिघडलं नव्हतं. एक बाई खुर्च्यांमधून चालत पुढे गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं, पेटलेली चूल होती, भाकरी थापणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. त्या सगळ्यावर बाईची सावली पडली.

"ह्यो तुकडा दावू नका," ती म्हणाली.

हे २००३ सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेव्हा एका मराठी दैनिकात महापालिकेच्या बातम्या करायचे. सिनेमाशी माझा संबंध नव्हता. सांस्कृतिक वार्ताहर कावीळ होऊन घरी पडला होता, म्हणून मला पाठवलं होतं. आधी 'पाटीवरची लढाई' या चित्रपटाचा खास खेळ आणि मग परिसंवाद, विषय 'युद्धपटांतली मुलं आणि समीक्षेची जबाबदारी'. चित्रपट लागून दोन आठवडे झाले होते. फौजींच्या गावातली एक मुलगी, बाप सीमेवर, एके दिवशी तो गेल्याची बातमी येते, आणि पुढे ती मुलगी कशी जगते, अशी गोष्ट. पुण्या-मुंबईच्या झाडून सगळ्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. आमच्या पेपरचे प्रभाकर अंबर्डेकर तीस वर्षं परीक्षणं लिहीत होते आणि दोनच्या वर चांदण्या देत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी पाचपैकी पाच दिल्या होत्या.

सभागृह आधीच चिडलेलं होतं. आदल्या आठवड्यात एका संघटनेने चित्रपटात जवानांचा अपमान आहे म्हणून दोन संवाद कापायची मागणी केली होती. ही बाई त्यांचीच, असं लोकांनी धरलं. कुणीतरी तिला पक्ष विचारला. कुणी म्हणालं, किती दिले यायचे. ती पन्नाशीकडे झुकलेली, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. एका जागी उभी होती. दिवे लागले तेव्हा तिने डोळ्यांवर हात धरला.

पहिल्या रांगेतून अंबर्डेकर न उठताच म्हणाले, "ताई, सेन्सॉर बोर्ड मुंबईला असतं. इथे फक्त प्रेक्षक असतात."

लोक हसले. मग चित्रपटाचा दिग्दर्शक अनिरुद्ध केळशीकर उठून पुढे आला आणि बाईंकडे बघून थबकला.

"हौसाआत्या, तुम्ही? कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

त्याने सभागृहाला सांगितलं की या हौसाबाई घार्गे. चित्रपटात शेजारीण झाल्या आहेत त्या ह्याच, नटी नव्हे, कुसुंबळे गावातल्या खऱ्या बाई. चित्रपटातली मुलगी, शुभांगी, ही त्यांच्या चुलतभावाची लेक. एवढं ऐकल्यावर सभागृहाने पवित्रा बदलला. टाळ्या सुरू झाल्या. मागचे लोक उभे राहून वाजवू लागले.

"टाळ्या नका," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी बी वाजवल्या."

हे वाक्य मी लिहून घेतलं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. बाईंनी केळशीकरला एवढंच विचारलं की पोरीला ठाऊक होतं का, ते समद्यांम्होरं सांगा. केळशीकर म्हणाला, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं, आत्या, तुम्ही दमला आहात. दोन कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. दिवे गेले. चित्रपट जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

मी दारातच उभी राहून तो प्रसंग पाहिला. मुलगी भाकरी तव्यावर टाकते. दारातून शेजारीण येते, काही बोलत नाही, कळशी उचलते आणि चुलीवर ओतते. राख फसफसते, धूर भरतो. मुलगी तिच्या तोंडाकडे बघते. मग गुडघे टेकून, कोपरं जमिनीला लावून, ओल्या राखेत फुंकर मारायला लागते. मारतच राहते. राख उडून तोंडभर बसते. ती रडत नाही. धूर सरतो आणि चित्र बदलतं.

अंबर्डेकरांच्या परीक्षणाचा शेवट याच प्रसंगावर होता. आमच्या पानावर तो चौकटीत छापला होता: 'या फुंकरीत अभिनय नाही, म्हणूनच हा थोर अभिनय आहे. युद्धाने विझवलेली मानवजातीची चूल एक मूल पुन्हा पेटवू पाहतं.' निर्मात्याने ती दोन वाक्यं पोस्टरवर घेतली होती.

हौसाबाई मला स्वारगेटच्या स्टँडवर सापडल्या. मी पेपरचं नाव सांगितल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"तुमीच पाच चांदण्या दिल्या."

मी म्हटलं, त्या मी दिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पेपर एकच न्हवं का. मग सांगू लागल्या. येत्या शुक्रवारी सिनेमा वडूजच्या टॉकीजला लागतोय, गावची शाळा समदी पोरं घेऊन जाणार आहे, शुभीला पुढच्या रांगेत बसवून नारळ देणार आहेत. त्याच्या आत तो तुकडा काढायला सांगायला त्या आल्या होत्या. का, ते सांगितलं नाही.

"हितं पुण्यात रोज तीन खेळ हायेत," गाडी लागल्यावर त्या म्हणाल्या. "रोज तीनदा मी पाणी ओततीया. यायचं तर गावाला या. लिवायचं असलं तर नका येऊ."

संध्याकाळी ऑफिसात वृत्तसंपादक देवस्थळींनी चार ओळी मागितल्या, 'परिसंवादात महिलेचा गोंधळ'. मी म्हटलं, अर्धीच बातमी आहे, सोमवारपर्यंत थांबा. ते म्हणाले, गोंधळाला दुसरी बाजू नसते. तरी थांबले.

रविवारी मी कुसुंबळ्याला गेले. खटाव तालुक्यातलं माळावरचं गाव, घरटी एक फौजी. शुभांगीचे वडील, फौजी विलास घार्गे, यांचं घर आणि हौसाबाईंचं घर यांची भिंत एकच. नवरा गेल्यावर हौसाबाई माहेरी येऊन राहिल्या होत्या आणि माहेरचंच आडनाव लावत होत्या. माझ्याबरोबर त्या विलासच्या अंगणापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. दारात विलासची बायको लता उभी होती.

"तिला म्हणावं, हितनं म्होरं न्हाई," लता मला म्हणाली. हौसाबाई तीन हातांवर होत्या. "आन् तुमी फोटू काढणार असाल तर तुमी बी न्हाई."

मी पिशवी उघडून दाखवली. कॅमेरा नव्हता. लताने मला आत घेतलं आणि हौसाबाई भिंतीला टेकून उन्हात बसल्या.

आत चूल पेटलेली होती. स्वयंपाकघरात काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं आणि मग लक्षात आलं. तिथे पाणी नव्हतं. हंडा, कळशी, माठ, बादली, सगळं अंगणात ओळीने मांडलेलं होतं. शुभांगी चूल आणि दार यांच्या मधोमध पाटावर बसून अभ्यास करत होती. लताने पीठ घेतलं, बाहेर गेली, पेलाभर पाणी घेऊन आली. मुलगी उठून उभी राहिली. पाणी परातीत पडेपर्यंत तिची नजर पेल्यावरून हलली नाही. लताने रिकामा पेला बाहेर नेऊन ठेवला, तेव्हा ती बसली. लताला पीठ सैल करायला आणखी पाणी लागलं. पुन्हा तेच झालं.

"वरीस झालं," लता म्हणाली. "चूल पेटलेली आसंल तर शाळेला जात न्हाई. म्हणून मी सकाळची पेटवतच न्हाई."

मग तिने मला गावची रीत सांगितली. सांगताना आवाज खाली आणला नाही, मुलीसमोरच सांगितली. फौजी गेल्याची बातमी आली, पूर्वी तारेने यायची, आता सरपंचाच्या फोनवर, तर दारात उभं राहून कुणी सांगत नाही. शेजारची बाई गुमान आत जाते आणि चुलीवर पाणी ओतते. मग सगळे थांबतात. धूर सरला की ती बाई नाव घेते. नुसतं नाव. पुढे काही सांगावं लागत नाही. म्हणून कुसुंबळ्यात एरवी कुणी चूल पाण्याने विझवत नाही. लाकडं मागे ओढतात, राखेत दाबतात. पोरांनी चुलीजवळ पाणी सांडलं तरी पाठीत बसते.

केळशीकरच्या कथेत तार येत होती. गावात राहायला आल्यावर त्याला ही रीत कळली आणि त्याने तार काढून टाकली. मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिल्लीत संसदेवर हल्ला झाल्यापासून सगळी फौज सीमेवर नेऊन बसवलेली, विलासची सुट्टी रद्द झालेली, पत्र महिनाभर नाही. कौलातून उजेड चांगला पडतो म्हणून स्वयंपाकघर विलासचंच घेतलं. आईचं काम मुंबईची नटी करत होती. खरी आई बाहेर चहा देत होती.

"शुभीला सांगितलं, आज नुसती तालीम, भाकरी थापायची. कॅमेरा वर कौलं काढून ठेवलेला. मला म्हणाले, पोरीला आदी सांगितलं तर बिघडंल. मी म्हटलं, सिनेमाच हाय, तिला कळंल." लताने तव्यावरची भाकरी उलटली. "हौसीला समदं ठाव हुतं. तिला सिनेमात दिसायचं हुतं."

बाहेरून हौसाबाईंचा आवाज आला. "व्हय. हुतं. तू बी कुटं न्हाई म्हनालीस, लते?"

"बाहीरच ऱ्हा म्हटलं ना."

लता पाण्यासाठी उठली, तेव्हा शुभांगीही उठली. ती परत बसल्यावर मी तिला विचारलं, तू फुंकत का होतीस. परीक्षणांत त्यावर फार लिहिलं गेलं होतं, म्हणून विचारलं.

"धूर सरू नये म्हणून."

"म्हणजे?"

"धूर सरला आसता तर आत्यानं नाव घेतलं आसतं. चूल पेटली आसती तर माघारी गेली आसती."

"मग काय झालं?"

"धूर सरला. वरनं कोनतरी 'कट' म्हटलं. मग समदी आत आली आन् टाळ्या वाजवल्या. मला चॉकलेट दिलं."

"आणि आत्या?"

"आत्या बी हसली. तिनं काय सांगितलंच न्हाई."

मी म्हटलं, पण बाबा दिवाळीत घरी आले होते ना. महिनाभर राहिले, तुला पाटी-पुस्तकं आणली. मंद विद्यार्थ्याकडे मास्तर बघतात तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"पाणी आदी वततात," ती म्हणाली. "बातमी मागनं येती."

लताने भाकरी तव्यावरून काढली. ती म्हणाली की हिचा बाप धडधाकट आहे हे तिने हिला हजारदा सांगितलंय. फोनवर बापानेही सांगितलंय. पोरगी ऐकून घेते आणि कळशी लांब सरकवते. पाणी जिने ओतलं तिनेच सांगायचं असतं, दुसऱ्याचं चालत नाही.

"मग हौसाबाईंनी सांगावं."

"काय सांगंल? पाणी ओतून नाव न्हाई घेतलं, आसं गावात कदी झालंच न्हाई."

सोमवारी मी केळशीकरला त्याच्या ऑफिसात भेटले. त्याने काही नाकारलं नाही. त्याच्या मते नाकारण्यासारखं काही नव्हतंच. मुलं तालमीतच खरी असतात, कॅमेरा चालू आहे कळलं की नाटक करतात. म्हणून तो मुलांच्या तालमी गुपचूप चित्रित करतो, प्रत्येक चित्रपटात, आणि हे त्याने मुलाखतींतून सांगितलेलं आहे. मी विचारलं, नंतर तिला कुणी सांगितलं का.

"सांगायचं काय? आम्ही तीस माणसं हसत आत गेलो. याहून स्पष्ट काय असतं?"

वडूजच्या प्रतीतून तरी प्रसंग काढाल का, असं मी विचारलं. आत्या त्यासाठीच आली होती, हेही सांगितलं.

"तो काढला तर चित्रपटात उरतं काय?" तो म्हणाला. हे बोलताना तो प्रामाणिक होता. मग त्याने विचारलं, "तुम्ही एरवी गटारांच्या बातम्या करता ना?"

"हो."

"तिथे वास कुठून येतो ते शोधावं लागत असेल. सिनेमात तसं नसतं."

अंबर्डेकर दुपारी ऑफिसात आले. मी त्यांना माझी बातमी वाचायला दिली. त्यांचं परीक्षण तिच्यात उद्धृत केलं होतं, त्यामुळे दाखवणं भाग होतं. त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

"टिपरे, समीक्षक पडद्यावर आहे ते जोखतो. पडद्यामागचं पोलिसांनी बघावं."

"ती फुंकत का होती, ते पडद्यावर आहे, सर. तुम्ही तिथे मानवजात लिहिली. ती धूर सरू नये म्हणून फुंकत होती."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, ते बसतील. बसले नाहीत.

"तिचा अर्थ तिच्यापुरता खरा," ते म्हणाले. "माझा अर्थ प्रेक्षकांसाठी आहे. आणि मुलांवरच्या चित्रपटांची परीक्षणं मुलांकडून लिहून घ्यायची असतील तर देवस्थळींना सांगा, मी राजीनामा देतो."

देवस्थळींनी मंगळवारी बातमी छापली. आतल्या पानावर, दोन्ही बाजू, एकही विशेषण न ठेवता. मुलीने सांगितलेलं सगळं घेतलं. तो भाग मी तिच्या आईला फोनवर वाचून दाखवला होता. 'कट'पाशी आल्यावर आई म्हणाली, लिवा.

बुधवारी दिवसभर फोन आले. बहुतेक शिव्या देणारे. एक गट म्हणत होता, चांगल्या मराठी चित्रपटाचे पाय तुम्हीच ओढा. दुसरा म्हणत होता, जवानाच्या घराची बेअब्रू केलीत. एका प्राध्यापिकेने विचारलं की त्या मुलीला हे बोलायला कुणी शिकवलं. केळशीकरला शिव्या देणारेही आले. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी शेवटी चौकशी केली की तो प्रसंग मध्यंतराच्या आधी येतो की नंतर.

गुरुवारी अंबर्डेकरांचं सदर आलं. शीर्षक होतं 'खरी फुंकर'. त्यांनी लिहिलं की ती फुंकर अभिनय नव्हती असं मी तेव्हाच म्हटलं होतं, आज ते सिद्ध झालं, आणि आता वाटतं, पाच चांदण्याही कमीच होत्या. त्याच पानावर खाली चित्रपटाची जाहिरात होती. नवी ओळ टाकली होती: 'अभिनय नव्हे, सत्य.' शनिवार-रविवारसाठी पुण्यात खेळ वाढवले होते.

त्या दिवशी दुपारी हौसाबाईंचा फोन आला, एसटीडी बूथवरून, मागे म्हशी हंबरताना ऐकू येत होत्या.

"लिवलंत," त्या म्हणाल्या. "आता समदी त्येच बगाया जात्यात."

मी म्हटलं, जात आहेत.

"उद्या या वडूजला. मी शुभीला तितंच सांगनार हाय."

शुक्रवारी वडूजच्या टॉकीजला तीनचा खेळ होता. शाळेची पोरं एसटीने आली होती. कुसुंबळ्याच्या बाया दोन जीप भरून आल्या होत्या आणि पोस्टरसमोर आपापसात भांडत होत्या. काहींचं म्हणणं, आपण यायलाच नको होतं. बाकीच्या म्हणत होत्या, पोरगी एकटी बसणार होती का. लता त्यांच्यात उभी होती, हौसाबाईंकडे पाठ करून. हौसाबाई उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभ्या होत्या. मला बघून जवळ आल्या.

"काय म्हनू मी तिला?"

"तुझा बाप सुखरूप आहे, म्हणा. विलास बरा आहे, म्हणा."

"पान्यानंतर?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पान्यानंतर त्येचं नाव घेऊ? तुमाला सोपं वाटतंय."

"घरी सांगा मग. चूल विझलेली असताना."

"लता दारात हुबी करती का मला? आन् घरात सांगितलं तर पोरगी म्हनंल, पानी कुटंय. रीतच मोडली नव्हं आमी. आता कुटनं सांदायची?"

त्या आत गेल्या आणि मधल्या रांगेत बसल्या. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले. खेळाआधी मॅनेजरने शुभांगीला स्टेजवर बोलावून नारळ आणि शाल दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि हातांकडेच बघत राहिली.

चित्रपटातलं स्वयंपाकघर आलं तेव्हा कुसुंबळ्याच्या बायांनी एकेक करून पदर डोळ्यांवर ओढले. ठरवून नव्हे, एकीचं बघून दुसरीने. वडूजचे प्रेक्षक सरसावून बसले होते. मागून कुणी म्हणालं, हाच, हाच तो. कळशी उचलली गेली. राख फसफसली.

पुढच्या रांगेत शुभांगी उठली. नारळ खुर्चीवर ठेवून ती मधल्या वाटेने वर चालत आली, रांगा बघत. पडद्यावर ती गुडघे टेकून फुंकत होती. इथे ती हौसाबाईंच्या रांगेपाशी थांबली. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईने पाय आत घेतले. मुलगी आत शिरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ए पोरी, बस खाली," मागून आवाज आला.

धूर विरळ होत गेला. पडद्याच्या उजेडात दोघींची तोंडं स्वच्छ दिसत होती. पडद्यावर दोघी तशाच एकमेकींसमोर होत्या.

"आत्या, आता सांग," शुभांगी म्हणाली.

हौसाबाईंनी तोंड उघडलं. ओठ जुळले, 'व' म्हणायला जुळतात तसे. मी एवढ्या जवळ होते की श्वास आत घेतलेला ऐकू आला. तो बाहेर आला नाही. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबला आणि मान नकारार्थी हलवली. ती हालचाल 'नाही, तो गेला नाही' अशी होती, की 'नाही, मी सांगणार नाही' अशी, ते मला कळलं नाही. मुलीला काय वाटलं, ते माहीत नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"खाली बसवा की तिला," पुन्हा मागून.

धूर सरला. चित्र बदललं. मुलगी आली तशी परत गेली, नारळ उचलला आणि खुर्चीवर बसली. लता हुंदका देत उठली, पण रांग अडलेली होती, तिला बाहेर पडता आलं नाही.

त्या दिवसाची बातमी मी दिली नाही. देवस्थळींनी विचारलं, काय झालं तिथे. मी म्हटलं, कुणी काही बोललं नाही. ते म्हणाले, मग बातमी नाही.

'पाटीवरची लढाई'ला त्या वर्षी तीन पुरस्कार मिळाले. शुभांगीला बालकलाकाराचा. तो घ्यायला ती गेली नाही. अंबर्डेकर २०१० साली गेले. त्यांच्या निवडक परीक्षणांच्या पुस्तकात दोन्ही लेख आहेत, लागोपाठ. विलास घार्गे २०११ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावात कुक्कुटपालन करतात. हौसाबाई २०१४ साली वारल्या. लता त्यांच्या मयतीला गेली होती, पण हौसाबाई त्या अकरा वर्षांत शेजारच्या घरात एकदाही शिरल्या नाहीत. शुभांगी साताऱ्यात एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने नम्रपणे सांगितलं की ड्युटी आहे.

मागच्या महिन्यात एका संस्थेने चित्रपटाची जुनी प्रत साफ करून घेतली. येत्या रविवारी दुपारी चार वाजता पुण्यात तिचा खेळ आहे, युद्ध आणि मुलं या विषयावरच्या महोत्सवात. केळशीकर येणार आहे, नंतर चर्चा आहे. पत्रिकेवर तीच फुंकर मारणारी मुलगी छापली आहे.

संस्थेतल्या एका ओळखीच्या बाईंचा काल फोन आला. साताऱ्याहून दोन तिकिटं राखून ठेवायला सांगितली आहेत, शेजारशेजारची. एक शुभांगी घार्गे, एक विलास घार्गे. त्यांनी विचारलं, हे तेच ना. मी म्हटलं, तेच.

आज गुरुवार. तिकिटं अजून कुणी नेलेली नाहीत.